स्पोर्ट्स मोटारगाडी, अभिजात : जीर्णोद्धार व वापर

कुटुंबाची किंवा मालाची ने-आण करण्यापेक्षा चालविण्याचा आनंद मिळावा या मुख्य हेतूने बनविलेली, बहुधा दोन आसनांची, ठेंगणी व हलकी मोटारगाडी म्हणजे स्पोर्ट्स मोटारगाडी होय. शर्यतीची गाडी केवळ बंदिस्त धावमार्गावर चालते. स्पोर्ट्स मोटारगाडी मात्र रीतसर नोंदणी करून सार्वजनिक रस्त्यावर आणता येते. या वर्गातील ज्या गाड्यांचे उत्पादन बंद होऊन बराच काळ लोटला आहे, परंतु घाट, यांत्रिक रचना किंवा इतिहास यांमुळे ज्या जतन करण्याजोग्या मानल्या जातात, त्यांना ‘अभिजात’ हे विशेषण लावतात. या विशेषणाची मर्यादा देशोदेशी निरनिराळी आहे. ब्रिटनमध्ये ‘व्हिंटेज’ ही संज्ञा १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांपुरती वापरण्याचा प्रघात असून तो रूढ करण्यात व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब (स्थापना १९३४) या संस्थेचा मोठा वाटा आहे. भारतीय नियमांत मात्र हीच संज्ञा ५० वर्षांहून जुन्या वाहनाला उद्देशून योजिली आहे.

अशी गाडी पुन्हा चालती करणे, तिचा गंजलेला पत्रा, झिजलेले एंजिन, कुजलेली गादी व ठिसूळ झालेल्या तारा दुरुस्त करून तिला पूर्वरूप देणे, याला जीर्णोद्धार म्हणता येईल. मंदिराच्या बाबतीत वापरला जाणारा हा शब्द येथे अगदीच अस्थानी नाही. कारण जुने किती ठेवावे आणि नवे किती घालावे, हा दोन्हीकडचा मूळ प्रश्न एकच आहे. प्रस्तुत नोंदीत विवेचनासाठी मुख्यतः एमजी या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांचा, त्यांतही एमजीबी या नमुन्याचा आधार घेतला आहे. या गाड्या मोठ्या संख्येने बनल्या, त्यांची रचना साधी आहे आणि हौशी माणसाने स्वतःच्या हातांनी जीर्णोद्धार केलेल्या गाड्यांत त्यांचे प्रमाण फार मोठे आहे.

पार्श्वभूमी : विल्यम मॉरिस (पुढे लॉर्ड नफील्ड) यांच्या ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीचे व्यवस्थापक म्हणून सेसिल किंबर हे १९२२ मध्ये काम पाहू लागले. साध्या मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर आकर्षक साटा बसवून ती विकण्याची कल्पना त्यांची. पेढीच्या नावातील आद्याक्षरांवरून या गाड्यांना एमजी हे नाव मिळाले. १९२९-३० मध्ये कारखाना ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी गेला व पुढील अर्धशतक तेथेच राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये आलेल्या टीसी या गाडीने एमजीचे नाव अटलांटिकपार नेले. १,२५० घ. सेंमी.चे एंजिन, उंच व अरुंद तारेची चाके आणि अ‍ॅश लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून केलेला साटा अशी तिची रचना होती. अशा १०,००० गाड्या बनल्या, त्यांपैकी सु. २,००० अमेरिकेत गेल्या, आणि त्याही सुकाणूचक्र उजवीकडेच ठेवून. त्यानंतर टीडी, टीएफ व १९५५ मध्ये गोलसर घाटाची एमजीए ही गाडी आली. एमजीएच्या सु. एक लक्ष गाड्या विकल्या गेल्या.

एमजीबी १९६२ मध्ये विक्रीस आली. आधीच्या गाड्यांना स्वतंत्र सांगाडा होता. एमजीबीत तो नाही. दाबून आकार दिलेले पत्र्याचे भाग एकमेकांस बिंदुवेल्डिंगने जोडून साटा व सांगाडा एकजीव केला आहे. एंजिन चार सिलिंडरांचे, १,७९८ घ. सेंमी. धारणेचे (व्यास ८०.२६ मिमी., धाव ८८.९ मिमी.) असून त्याची शक्ती आरंभी ९५ अश्वशक्ती सांगितली जाई. वेग ताशी १६० किमी.च्या थोडा वर जाई. १९६४ च्या अखेरीस क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांची संख्या तीनवरून पाच करण्यात आली. १९६५ मध्ये बंद छपराची जीटी ही आवृत्ती आली. तिच्या आरेखनात इटलीतील पिनिनफारिना या पेढीचा हात होता. या गाड्यांचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका असल्याने तेथील सुरक्षा व धूर यांविषयीच्या नियमांचा गाडीच्या रूपावर खोल परिणाम झाला. १९७४ च्या उत्तरार्धात क्रोमियमचा मुलामा दिलेले बंपर जाऊन काळ्या रबरासारख्या पदार्थाचे जाड बंपर आले आणि दिवे ठराविक उंचीवर यावेत म्हणून सबंध गाडीच उचलली गेली. वळणावर ती अधिक कलू लागली. हा बदल रसिकांना अद्यापि मानवलेला नाही. आणि जुन्या गाडीचे मोल ठरविताना ‘क्रोम’ की ‘रबर’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. तोवर एमजीबीच्या सर्व प्रकारांच्या मिळून पाच लक्षांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या.

गंज : या गाड्यांचा खरा शत्रू एंजिनाची झीज नसून गंज हा आहे. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात. ते चिखलाबरोबर चाकांच्या कमानींत, उंबऱ्यांत व जोडांच्या फटींत जाऊन बसते. एमजीबीच्या दारांखालील उंबरा वरून साध्या पट्टीसारखा दिसतो, पण आत तो तीन पत्र्यांचा आहे : बाहेरचा, आतला व दोहोंमधला पडदा. त्यांच्या तळाशी आणखी एक पन्हळीसारखा भाग जोडलेला असतो. छप्पर नसलेल्या गाडीला वाकण्यापासून वाचविण्याचे काम मुख्यतः हे दोन उंबरे आणि मधला बोगदा करतात. त्यामुळे उंबरा कुजला की गाडी दिसण्यात तशीच राहते, मात्र तिचा कणा गेलेला असतो. जॅकने एक बाजू उचलताच दाराची फट वर निमुळती होऊ लागली किंवा दार अडकू लागले, तर निदान झालेच म्हणून समजावे.

विकाऊ गाडीवरील रंग पाहून भुलणाऱ्यांची संख्या मोठी आहे. गंजलेल्या भोकावर काचतंतूचा तुकडा चिकटवून, वर भराव घासून व रंग मारून एका दिवसात गाडी ‘नवी’ करता येते. साधा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरविल्यास भराव असलेल्या जागी तो धरत नाही. या साध्या परीक्षेने पुष्कळांचे पैसे वाचले आहेत. अपवाद म्हणून लक्षात ठेवावयाचा भाग म्हणजे आरंभीच्या एमजीबींचे एंजिनावरचे झाकण. ते ॲल्युमिनियमचे असल्याने तेथे चुंबक मुळातच धरत नाही.

उंबरे बदलण्याच्या कामात घडणारी एक चूक पुन्हा दुरुस्त होत नाही, म्हणून तिचा निर्देश केला पाहिजे. गाडी मधोमध टेकू देऊन अधांतरी ठेवली आणि दोन्ही उंबरे कापले, तर पुढचा व मागचा भाग आपल्या वजनाने किंचित खाली लवतो. त्याच स्थितीत नवे उंबरे जोडले गेले, की वाकलेला आकार कायमचा होतो व दारे कधीच नीट लागत नाहीत. यासाठी टेकू आसांखाली द्यावे लागतात. दाराच्या मोकळ्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत पोलादी नळी तात्पुरती जोडतात. एका वेळी एकच बाजू कापतात आणि प्रत्येक टप्प्यावर दार बसवून फट पाहतात. जुने बिंदुजोड छिद्रकाने काढून पत्रे सोडवितात व नवे पत्रे वायूच्या आच्छादनाखाली वेल्डिंग करून बसवितात. काम झाल्यावर बंद पोकळ्यांत मेणयुक्त द्रव फवारला नाही, तर दहा-पंधरा वर्षांनी हेच काम पुन्हा करावे लागते.

१९८८ मध्ये या क्षेत्रात एक मोठा बदल झाला. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एमजीबीच्या पत्र्याचे मूळ साचे शोधून एकत्र केले आणि त्यांवर संपूर्ण नवा साटा बनविण्यास सुरुवात केली. उत्पादन थांबल्यावर आठ वर्षांनी गाडीचा गाभाच विकत मिळू लागला. या साट्याच्या आधारानेच १९९० नंतर आरव्ही ८ ही अल्पसंख्य गाडी काढण्यात आली व तिचा मोठा भाग जपानला गेला. कुजलेला साटा हातांनी जोडण्यास लागणारी मजुरी नव्या साट्याच्या किंमतीपेक्षा अधिक होऊ लागल्याने पुष्कळांनी हा मार्ग पत्करला. जुन्या गाडीचे एंजिन, आस, सुकाणू व आसने नव्या साट्यात बसवावयाची आणि जुना साटा भंगारात द्यावयाचा. गाडी उत्तम होते, टिकते. पण ती तीच गाडी राहते काय?

मूळपणाचा प्रश्न : मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात राजा मिलिंद रथातून आल्याचे सांगतो तेव्हा भिक्षू नागसेन त्याला विचारतात, की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, की जू म्हणजे रथ? यांपैकी एकही रथ नव्हे, आणि यांवाचूनही रथ नाही. सर्वांच्या जुळणीला मिळालेले ते व्यवहारातील नाव होय, असा त्या संवादाचा आशय आहे. लंडनच्या उच्च न्यायालयापुढे १९९० मध्ये जवळजवळ हाच प्रश्न आला. ल मां येथील २४ तासांची शर्यत १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोनदा जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली गाडी एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला होता. गाडी मूळची नाही, या सबबीवर घेणाऱ्या कंपनीने पैसे देण्याचे नाकारले. शर्यतींच्या काळात तिचे भाग वारंवार बदलले गेले होते. १९३२ मधील ब्रुकलंड्झच्या भीषण अपघातानंतर ती पुन्हा बांधली गेली होती. १९२९ मधील म्हणून निश्चित सांगता येईल असे तिच्यात जवळजवळ काहीच उरले नव्हते. न्या. ऑटन यांनी निकाल गाडीच्या बाजूने दिला. भाग बदलले, पण एक गाडी मोडीत काढून तिच्या जागी दुसरी उभी केली असे कोणत्याही क्षणी घडले नाही. अस्तित्वाची साखळी अखंड राहिली, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. नागसेनांचे उत्तर सुट्या भागांच्या विचारातून येते, तर न्यायाधीशांचे काळाच्या ओघातून. आणि व्यवहाराला दुसरेच अधिक उपयोगी पडले आहे.

ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्याने हा प्रश्न अनेक वर्षे गुणपद्धतीने सोडविला. सांगाडा किंवा एकजीव साटा यास ५ गुण. निलंबन, आस, गिअरपेटी व सुकाणू यांना प्रत्येकी २. एंजिनाला केवळ १. किमान ८ गुण झाले आणि सांगाडा वा साटा मूळचा अथवा उत्पादकाकडून त्याच नमुन्याचा नवा घेतलेला असला, की जुना नोंदणीक्रमांक राहत असे. सामान्य माणूस ज्याला गाडीचे हृदय समजतो त्या एंजिनाला येथे सर्वांत कमी मोल आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जुन्या गाड्यांच्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फीव्हा, स्थापना १९६६) प्रसृत केलेली ट्यूरिन सनद याहून पुढे जाते. वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा तिच्यावर स्पष्ट ठसा असून शक्य तेवढे जुने राखावे, नवे घातल्यास ते ओळखू यावे व केलेल्या कामाची नोंद ठेवावी, अशी तिची भूमिका आहे. यामुळे पूर्वी जेथे आरशासारखा चकचकीत रंग हीच कसोटी होती, तेथे पहिल्या मालकाच्या काळचा विटका रंग व भेगाळलेले कातडे राखलेल्या गाड्यांनाही मान मिळू लागला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा बदल स्वागतार्ह आहे. अति-जीर्णोद्धाराने कित्येक गाड्या कारखान्यातून निघताना नव्हत्या इतक्या निर्दोष झाल्या आहेत. ॲबिंग्डनच्या कामगारांनी कधी न केलेली झिलई त्यांवर दिसते, आणि त्यांचा सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास मात्र घासून निघालेला असतो. याउलट, उंबरा कुजलेली गाडी ‘मूळची’ म्हणून तशीच रस्त्यावर आणणे हा चालकाच्या व इतरांच्या जिवाशी खेळ होय. तेथे पत्रा बदललाच पाहिजे.

कामाचा क्रम : गाडी सोडविण्यास एक आठवडा पुरतो, जुळविण्यास वर्षे लागतात. या दोहोंमधील काळात स्मरणावर विसंबणे धोक्याचे असते. प्रत्येक भाग सोडविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेणे, तारांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधणे व बोल्ट ज्या भागाचे त्याच भागाबरोबर पिशवीत ठेवणे, ही शिस्त वेल्डिंगच्या कौशल्याइतकीच महत्त्वाची आहे. अर्धवट सोडून दिलेल्या व खोक्यांत भरून विकल्या जाणाऱ्या गाड्यांची संख्या पाहता, ती वेल्डिंगपेक्षा दुर्मिळ असावी. आट्यांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. एमजीबीत बहुतेक आटे एकीकृत बारीक जातीचे आहेत. टीसीसारख्या जुन्या गाड्यांच्या एंजिनात मात्र आटे मेट्रिक व बोल्टचे डोके व्हिटवर्थ मापाचे असा विलक्षण संकर आढळतो. मॉरिस यांनी १९२३ मध्ये कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा एंजिन-कारखाना विकत घेतला, तेव्हा यंत्रसामग्रीबरोबर फ्रेंच आटेही आले. इंग्रज कारागिरांकडील पाने लागावेत म्हणून डोके तेवढे इंग्रजी ठेवले गेले. याच टीसीच्या साट्याची लाकडी चौकट सुतारकामातील सांधे पाडूनच दुरुस्त करावी लागते. तेथे पत्र्याचे काम दुय्यम ठरते.

एंजिन बिडाचे, साधे व चिवट आहे. उष्ण एंजिनात प्रवासाच्या वेगाला तेलाचा दाब चौ. सेंमी.ला सु. ३.५ ते ५.५ किग्रॅ. असला, तर आतील बेअरिंगे ठीक आहेत असे सामान्यतः समजतात. झीज झाली असल्यास सिलिंडर छिद्रून मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात व क्रँकशाफ्ट घासून कमी मापाची बेअरिंगे बसविता येतात. हे काम जाणत्या यंत्रशाळेकडेच द्यावे. झडपांची फट थंड एंजिनात ०.३८ मिमी. ठेवतात. ती कमी ठेवून टकटक बंद करण्याचा मोह टाळावा. किंचित टकटकणारी झडप निरोगी असते. निःशब्द झडप मात्र पूर्ण न मिटता जळत असण्याचा संभव असतो.

गाडीला स्वभाव असतो असे म्हणणारे लोक बहुधा एसयू जातीच्या जुळ्या कार्ब्युरेटरांविषयी बोलत असतात. या कार्ब्युरेटरात एक पिस्टन हवेच्या ओढीनुसार वरखाली होतो व त्याला जोडलेली निमुळती सुई इंधनाचे छिद्र कमीअधिक उघडते. पिस्टनाच्या दांड्यातील थोडे तेल त्याच्या उडीला आवर घालते. ते आटले, की वेग वाढविताना एंजिन अडखळते. दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढतात की नाही, हे रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे तोंडाशी धरून फुसफुस ऐकून ठरविता येते. मग पिस्टन किंचित उचलून पाहतात. एंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रणात इंधन अधिक, लगेच बंद पडू लागले तर कमी, आणि क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण योग्य. एवढे करूनही मंद गती स्थिर राहत नसेल, तर पडद्याची दांडी झिजून हवा चोरून आत शिरत आहे असे समजावे. स्क्रू फिरवून हा दोष जात नाही.

विद्युत् मंडलाची बदनामी प्रमाणाबाहेर झाली आहे. बहुतेक बिघाड गंजलेल्या भू-जोडामुळे होतात आणि तो घासून स्वच्छ केल्यास नाहीसे होतात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत धन ध्रुव साट्याला जोडलेला असे, म्हणजे आजच्या रीतीच्या नेमके उलट. नंतरच्या रचनेत ऋण ध्रुव जोडलेला आहे. मधल्या कोणा मालकाने ही जोडणी बदलली असल्याचा संभव असल्याने घट जोडण्यापूर्वी ध्रुव तपासावे लागतात. दीर्घकाळ या गाडीत सहा व्होल्टचे दोन घट आसनांमागील फळीखाली ठेवलेले असत. दृष्टीआड असल्याने ते कोरडे पडत व त्यांच्या अम्लाने खालचा पत्रा खात.

ब्रेक, सुकाणू व चाके यांच्या बाबतीत मूळपणाचा आग्रह गौण ठरतो. रबरी नळ्या व सिलिंडरातील वाट्या गाडी उभी असतानाही जुन्या होतात, म्हणून त्या सरसकट बदलतात. ब्रेकच्या मंडलात चुकून खनिज तेल घातल्यास मूळ जातीचे रबर फुगून ब्रेक जागीच आवळले जातात. पुढच्या चाकांच्या उभ्या खुंट्यांना नियमित ग्रीस देणे ही जुन्या रचनेची गरज आहे. ते न मिळाल्यास सुकाणू प्रथम जड व पुढे ढिले होते. तारेच्या आऱ्यांची चाके मधोमध एकाच मोठ्या फिरकी-नटाने धरलेली असतात. गाडीच्या डाव्या बाजूला या नटाचे आटे उजवे व उजव्या बाजूला डावे असतात, त्यामुळे चालत्या गाडीत नट आवळत जातो. दुरुस्तीत दोन बाजूंचे तुंबे एकमेकांच्या जागी बसविले गेले, तर हीच योजना उलटते व धावत्या गाडीचे चाक निघून जाते. नट ठोकण्यासाठी तांब्याची किंवा शिशाची हातोडी वापरतात.

काम करणाऱ्याच्या आरोग्याला असलेले धोकेही कमी नाहीत. जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टस असे, म्हणून त्यांवरील धूळ दाबाच्या हवेने कधीही उडवू नये. जुन्या साट्याचे जोड शिशाच्या डागाने भरलेले असतात. ते घासताना विषारी चूर्ण उडते. आधुनिक द्विघटकी रंगांतील आयसोसायनेट श्वसनमार्गास अपायकारक असल्याने बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा लागतो. ज्याच्याकडे ही सोय नाही, त्याने रंगकाम बाहेर द्यावे.

इंधन व वंगण : या एंजिनांच्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे व त्याचा पातळ थर झडपांच्या बैठकींचे रक्षण करी. ब्रिटनमध्ये १९९९ अखेर व भारतात २००० मध्ये असे पेट्रोल बंद झाले. तेव्हापासून एंजिनाचा माथा उतरविला, की त्यात कठीण पोलादाच्या बैठकी बसविण्याची रीत पडली आहे. पाठोपाठ एथिल अल्कोहॉलाचा प्रश्न आला. ब्रिटनमध्ये २०२१ पासून सर्वसाधारण पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असते. भारतात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के मिश्रण पंपांवर आले. अल्कोहॉल जुने रबर व बूच यांना मऊ करते, हवेतील पाणी शोषते व मिश्रण पातळ करते. इंधनाच्या नळ्या बदलणे, कार्ब्युरेटर थोडा सढळ ठेवणे आणि गाडी महिनोन् महिने भरलेल्या टाकीनिशी उभी न ठेवणे, हे त्यावरचे उपाय होत. वंगणाच्या बाबतीत अद्ययावत म्हणजे चांगले असे नाही. कॅमवर सपाट तळ घासत चालणाऱ्या या रचनेला जस्त व फॉस्फरस यांची संयुगे पुरेशी असलेले तेल लागते, आणि आधुनिक गाड्यांच्या तेलांत ती कमी केलेली असतात.

वापर : जीर्णोद्धार पूर्ण झालेली गाडी आच्छादनाखाली ठेवून देण्याची प्रवृत्ती बळावते, विशेषतः तिच्यावर तिच्या बाजारभावाहून अधिक खर्च झालेला असतो तेव्हा (एमजीबीच्या बाबतीत असे सहसा होतेच). परंतु उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. ब्रेकचे पिस्टन अडकतात, पेट्रोलचा राळेसारखा साका बसतो, तेलाच्या कड्या वाळून गळू लागतात. दर पंधरवड्यास एंजिन व गिअरपेटी पूर्ण तापेल इतकी फेरी, हाच उत्तम देखभालीचा उपाय आहे. केवळ जागेवर एंजिन सुरू करून बंद केल्यास आत पाणी साचून अपायच होतो.

चालविण्यातील आनंद वेगाचा नाही. आजची कोणतीही साधी गाडी यांना सहज मागे टाकते. चालक जमिनीपासून अगदी जवळ बसतो, सुकाणूतून रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो, आणि पहिल्या गिअरला जुळणीची सोय नसलेल्या जुन्या गिअरपेटीत क्लच दोनदा दाबून एंजिनाचा वेग स्वतः जुळवावा लागतो. तो बरोबर जुळला म्हणजे दांडी आवाज न करता जागेवर जाते. ताशी सत्तर किमी.लाही येथे चालकाला सतत काही ना काही करावयाचे असते. ब्रेक लागण्यास आजच्याहून अधिक अंतर लागते, हे मात्र मागून येणाऱ्या गाड्यांना ठाऊक नसते, याचे भान ठेवावे लागते.

सामुदायिक उपक्रमांत लंडन-ब्रायटन फेरी सर्वांत प्रसिद्ध असून तीत १९०५ पूर्वीच्या गाड्या भाग घेतात. इटलीतील मिले मिल्या ही १९२७–५७ मधील रस्त्यावरची शर्यत १९७७ पासून नियमित वेगाच्या चाचणीच्या रूपात पुन्हा भरू लागली. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून सौंदर्यस्पर्धा होते. इंग्लंडमध्ये एमजी कार क्लब १९३० पासून व एमजी ओनर्स क्लब १९७३ पासून कार्य करीत आहेत. सुटे भाग पुन्हा बनवून घेणे, माहितीपत्रके जपणे व जुन्या कारागिरांचे ज्ञान नव्या लोकांपर्यंत पोचविणे ही त्यांची कामगिरी मेळाव्यांपेक्षा मोलाची आहे.

भारत : भारतात जुन्या गाड्यांविषयीच्या आस्थेला संघटित रूप देण्यात स्टेट्समन या दैनिकाच्या १९६४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या फेरीचा मोठा वाटा आहे. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था असून तिच्या फेऱ्यांत संस्थानिकांच्या मोठ्या गाड्यांबरोबर लहान स्पोर्ट्स गाड्याही दिसतात. स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे सुटे भाग मिळणे जवळजवळ अशक्य होते. तरीही एमजीला एक आधार लाभला. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसॅडर या गाडीत दीर्घकाळ वापरलेले १,४८९ घ. सेंमी.चे एंजिन एमजीएच्याच एंजिनाच्या कुळातील होते, आणि एमजीबीचे एंजिन हा त्याच कुळाचा वाढविलेला अवतार. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, परंतु या जातीचे एंजिन कानाने ओळखणारे मिस्त्री अद्याप आढळतात. सध्या एमजी हे नाव चिनी मालकीचे आहे. २०१९ पासून त्या नावाने गुजरातमधील हालोल येथे बनून विकल्या जाणाऱ्या गाड्यांचा जुन्या गाड्यांशी बोधचिन्हापलीकडे संबंध नाही.

हवामानाचा परिणाम येथे निराळा दिसतो. मीठ टाकलेले रस्ते नसल्याने देशावरच्या कोरड्या भागांत राहिलेल्या गाड्यांचा पत्रा बरेचदा इंग्लंडातील गाड्यांपेक्षा सुस्थितीत सापडतो. रबर, कातडे व लाकूड मात्र उन्हाने वाळून तडकलेले असते. मुंबई, गोवा व कोकण किनाऱ्यावर खारी दमट हवा व चार महिन्यांचा पाऊस पत्रा सोडत नाही. घाटातील चढावर एंजिन फार तापते, म्हणून रेडिएटरची गाळणी स्वच्छ करून घेणे येथे जीर्णोद्धाराच्या पहिल्या कामांत मोडते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, व्यापारी वापर नसलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीसाठी २०,००० रु. व पुनर्नोंदणीसाठी ५,००० रु. शुल्क ठरविले असून नोंदणीक्रमांकात राज्याच्या आद्याक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पूर्वी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरास मनाई आहे. सांगाडा, साटा व एंजिन यांत भरीव बदल न करता वाहन मूळ रूपात राखलेले असावे, अशीही अट आहे. टंचाईच्या काळात अँबॅसॅडरच्या भागांवर जगविलेल्या एखाद्या एमजीला ही अट कशी लावावयाची, हे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत्येक गाडी समोर ठेवूनच ठरवावे लागते.